पेमेंटचं बटण एका ब्राउझरमध्ये चालतं, दुसऱ्यात नाही: दर दिवाळीला परत येणारी तक्रार आणि आत्तापर्यंत सापडलेली कारणं

दसरा झाला की मला एक फोन ठरलेला. "अरे, ते पैसे भरायचं बटण परत गेलं बघ." काकू पुण्यात दिवाळीचा फराळ करून विकतात, चकल्या, करंज्या, अनारसे सगळं, आणि साइट मी करून दिलीये. बऱ्याच ऑर्डरी इंग्लंड-कॅनडातल्या मराठी घरांतून येतात म्हणून इथल्या लोकांसाठी गूगल पेमधून युपीआय आणि तिकडच्यांसाठी ॲपल पे अशी दोन्ही सोय ठेवली, तिकडचा हिशोब काकूंचा इंग्लंडमधला भाचा त्याच्या तिकडच्या कंपनीतून बघतो. दोन्हीसाठी ब्राउझरचा पेमेंट रिक्वेस्ट एपीआय, म्हणजे साइटने ब्राउझरला "पैसे भरायची खिडकी उघड" असं सांगायची ठरलेली भाषा. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की काकू, एकदाच लिहायचं, सगळीकडे चालतं.

तर नाही चालत. म्हणजे चालतं, पण प्रत्येक ठिकाणी वेगळं. तक्रार दरवर्षी एकच असते, "बटण दाबलं, काहीच झालं नाही", आणि कारण दरवर्षी निराळं निघतं. ते एकदा एका जागी लिहून ठेवतोय, कारण दर ऑक्टोबरात मीच माझ्या जुन्या चॅट उपसत बसतो.

आधी थोडी कुळकथा, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. हा एपीआय डब्ल्यूथ्रीसीचा, म्हणजे वेबचे सामाईक नियम ठरवणाऱ्या संस्थेचा. क्रोमने अँड्रॉइडवर २०१६ मध्ये आणला, सफारीत २०१८ मध्ये ११.१ पासून आला, आणि अधिकृत शिफारस म्हणून तो पक्का झाला ८ सप्टेंबर २०२२ ला. म्हणजे आधी ब्राउझरवाल्यांनी आपापलं बांधून लोकांना वापरायला दिलं आणि नियमपुस्तक पक्कं व्हायला सहा वर्षं लागली. फायरफॉक्सने कोड लिहिला पण नेहमीच्या आवृत्तीत तो कधी सुरूच केला नाही. आणि मुळात हे नियमपुस्तक मनीऑर्डरच्या फॉर्मसारखं आहे, रकाने कुठले ते ठरवून दिलंय: पैसे देण्याची पद्धत, एकूण रक्कम, उत्तर कसं परत येणार. पण पद्धतीच्या रकान्यात गूगल पे काय मागणार आणि ॲपल पे काय मागणार ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्यामुळे "ब्राउझर सपोर्ट करतो का" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठली पद्धत, कुठल्या ब्राउझरमध्ये, कुठल्या फोनवर, असं तिन्ही जोडून विचारावं लागतं.

पहिल्या वर्षीची चूक निव्वळ माझी. जुन्या ट्युटोरियलमधून उचललेला कोड, त्यात ब्राउझरच्या विंडो ऑब्जेक्टवर पेमेंटरिक्वेस्ट हे नाव आहे का एवढंच बघायचं आणि असेल तर बटण दाखवायचं, आणि पद्धत म्हणून "बेसिक कार्ड". ही बेसिक कार्ड पद्धत म्हणजे ब्राउझरमध्ये सेव्ह केलेलं कार्ड थेट साइटला द्यायची सोय. सफारीत ती कधीच नव्हती, आणि क्रोमने ती १०० व्या आवृत्तीत, २०२२ च्या मार्चमध्ये, काढून टाकली. पण पेमेंटरिक्वेस्ट हे नाव विंडोवर तसंच राहिलं ना! म्हणजे तपासणी पास, बटण दिसतंय, दाबलं की शो (पैशांची खिडकी उघडणारी आज्ञा) रिजेक्ट, कन्सोलमध्ये (डेव्हलपरला दिसणारी ब्राउझरची नोंदवही) नॉटसपोर्टेडएरर, आणि गिऱ्हाइकाला दिसतं काय तर काहीच नाही. तुमच्याकडे जुना कोड असेल तर सगळ्यात आधी बेसिक कार्ड शोधा, सापडलं तर काढा. आणि शोच्या कॅचमध्ये (एरर आली तर चालणाऱ्या कोडमध्ये) निदान "दुसऱ्या पद्धतीने भरा" एवढी ओळ तरी दाखवा, माझा कॅच रिकामा होता, लाज वाटते सांगायला.

आता खरी गोम. कॅनमेकपेमेंट.

बटण दाखवायच्या आधी ब्राउझरला विचारायची ही मेथड, म्हणजे कोडमधली आज्ञा. नाव वाचून काय वाटतं? हा माणूस पैसे भरू शकतो का. पण या "हो" मध्ये तीन वेगवेगळे "हो" लपलेत: एक, ब्राउझरला ही पद्धत माहीत आहे, दोन, फोनवर ते ॲप आहे, तीन, त्या ॲपमध्ये खरंच कार्ड किंवा बँक खातं जोडलेलं आहे. क्रोममध्ये पूर्वी कॅनमेकपेमेंटचं उत्तर तिसऱ्याच्या जवळ जायचं, मग त्यांनी हॅजएनरोल्डइन्स्ट्रुमेंट म्हणून वेगळी मेथड काढली आणि कार्ड-खात्याचा प्रश्न तिकडे नेला, कॅनमेकपेमेंट "पद्धत चालेल का" एवढ्यापुरतं उरलं. सफारीत ही दुसरी मेथडच नाही, तिथे चालू कार्ड आहे का हे कळायला ॲपलच्या स्वतःच्या ॲपलपेसेशनला विचारायचं. म्हणजे तीच ओळ, तेच नाव, उत्तर "ट्रू", आणि अर्थ मात्र तुम्ही कुठल्या साली कुठल्या ब्राउझरमध्ये विचारलंत त्यावर. आमच्याकडे एका वर्षी असं झालं की तिकडच्या लोकांना ॲपल पेचं बटण दिसायचं, दाबलं की आधी कार्ड जोडा असं यायचं. चकलीचं पाकीट घ्यायला आलेला माणूस कशाला कार्ड जोडत बसतोय.

त्याच्यापेक्षा भारी प्रकार म्हणजे क्रोमचा कोटा. साइट लोकांचा माग काढायला हेच प्रश्न वापरू शकते (याच्याकडे हे ॲप आहे, ते नाही, असं विचारत विचारत माणूस ओळखू येतो), म्हणून क्रोमने खातं-कार्ड आहे का या प्रश्नावर मर्यादा घातली: एकाच साइटने अर्ध्या तासात वेगवेगळे प्रश्न विचारले तर उत्तर नाही, सरळ नॉटअलाउडएरर. तोच प्रश्न परत विचारला तर चालतं. मी म्हटलं मी तर एकच प्रश्न विचारतोय, गूगल पे आहे का. पण क्रोमच्या लेखी प्रश्न म्हणजे पद्धतीचं नाव अधिक त्यासोबतचा डेटा, आणि युपीआयच्या डेटात मी ऑर्डरचा संदर्भ क्रमांक घालत होतो जो दरवेळी नवीन. त्यामुळे गिऱ्हाइकाने बास्केटमध्ये अजून एक शंकरपाळ्याचं पाकीट टाकून परत पेमेंटच्या पानावर आलं की दुसरा प्रश्न, कोटा संपला, बटण गायब. पहिल्या खेपेला नीट चाललेलं असतं, म्हणून काकू म्हणणार "मघाशी तर होतं".

आणि हे मला सापडायला दोन दिवस का लागले, तर लोकलहोस्टवर (माझ्याच मशीनवर चालवलेल्या साइटवर) क्रोम ही मर्यादा लावतच नाही, फक्त कन्सोलमध्ये एक वॉर्निंग टाकतो की एरवी हे रिजेक्ट झालं असतं. मी वॉर्निंगा वाचत नाही. तुम्ही वाचत जा.

उपाय साधा आहे. एकदाच विचारायचं आणि उत्तर सेशनस्टोरेजमध्ये, म्हणजे टॅब उघडा असेपर्यंतच्या ब्राउझरच्या साठ्यात, ठेवायचं. विचारताना संदर्भ क्रमांकाच्या जागी एक ठरलेली किंमत टाकायची, खरा क्रमांक बटण दाबल्यावरच्या रिक्वेस्टमध्ये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एरर आली तर तिचा अर्थ "नाही" असा घ्यायचा नाही, "माहीत नाही" असा घ्यायचा आणि बटण दाखवायचं. गिऱ्हाइकाने क्रोमच्या सेटिंगमध्ये "साइट्सना पेमेंट पद्धती तपासू द्या" हे बंद करून ठेवलं असेल तरी खात्याचं उत्तर "नाही" येतं, खातं असलं तरी. इन्कॉग्निटोत तर क्रोम पेमेंट ॲपला विचारतच नाही, त्यामुळे तिथल्या उत्तरावरून काही ठरवू नका आणि टेस्टिंग तर तिथे मुळीच करू नका, मी नेमकं तिथेच करायचो, कॅशचा त्रास नको म्हणून.

जाता जाता, भारतातल्या गूगल पेची वेब पद्धत ओळखायचा पत्ता अजून "तेज" नावाचाच आहे, तेज डॉट गूगल डॉट कॉम स्लॅश पे. ॲप २०१७ मध्ये तेज म्हणून आलं, २०१८ मध्ये नाव बदललं, पत्ता तोच. नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्यांदा तेच विचारतं की हे चुकून राहिलंय का, काढू का. नको काढू बाबा. आणि गूगल पेची जी दुसरी, कार्डवाली पद्धत बाहेरच्या देशांत चालते तिचा पत्ता वेगळा, डेटाही वेगळा, नाव एकच असल्यामुळे लोक दोन्ही डॉक्युमेंटेशन मिसळतात आणि मग कुठल्या रकान्यात काय घालायचं तो गोंधळ.

पुढचं दुखणं, बटण दाबल्यावर पाच-सहा सेकंद चक्र फिरतं आणि मग काही होत नाही. कन्सोलमध्ये सिक्युरिटीएरर. शो ही मेथड सहसा माणसाने खरंच काहीतरी दाबलं असेल तरच चालते, हे नियमातच आहे, पण दाबण्याचा तो "इशारा" किती वेळ टिकतो ते ज्याच्या त्याच्यावर. क्रोममध्ये साधारण ५ सेकंद. सफारीत मध्ये नेटवर्क कॉल वगैरे टाकलेत तर इशारा हरवायची शक्यता आणखी जास्त. मी काय करत होतो, बटण दाबलं की आधी सर्व्हरवर ऑर्डर तयार करायची, तिचा क्रमांक आला की शो. ऑफिसच्या वायफायवर एकदम मक्खन. लोकलमध्ये उभं राहून फोनवर ऑर्डर करणाऱ्या माणसाला सर्व्हरचं उत्तर यायला सात सेकंद, तोवर इशारा शिळा. शोला प्रॉमिस (नंतर येणारं उत्तर) देता येतं खरं, म्हणजे खिडकी आधी उघडायची आणि रक्कम मागाहून, पण त्याने युपीआयचा प्रश्न सुटत नाही कारण संदर्भ क्रमांक पद्धतीच्या डेटात असतो आणि तो कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे रिक्वेस्ट बनवतानाच, जातो. शेवटी मी ऑर्डरचा क्रमांक बास्केटचं पान उघडतानाच घेऊन ठेवायला लागलो, बटण दाबलं की मध्ये एकही अवेट (थांबून वाट बघणं) नाही, थेट शो. न भरलेल्या ऑर्डरी रात्री साफ करायची एक स्क्रिप्ट लावली. काही क्रमांक वाया जातात, जाऊ देत.

दोनदा दाबणं हाही एक प्रकार. एक पेमेंटरिक्वेस्ट ऑब्जेक्ट एकदाच शो करता येतो, दुसऱ्यांदा केला की इनव्हॅलिडस्टेटएरर. आणि एक खिडकी उघडी असताना दुसरी उघडायला गेलात तर अबॉर्टएरर. आपली माणसं एकदा दाबून थांबत नाहीत, लिफ्टचं बटणसुद्धा चारदा दाबतात. पहिल्या दाबण्याला बटण निष्क्रिय करा आणि प्रत्येक प्रयत्नाला नवीन ऑब्जेक्ट बनवा.

आता एक असली चूक जी फक्त आपल्याकडेच होऊ शकते. काकूंची हौस, साइट मराठीत हवी, आकडेसुद्धा मराठीत. म्हणून किमती दाखवायला टूलोकेलस्ट्रिंग (आकडा त्या त्या भाषेच्या पद्धतीने लिहून देणारी मेथड) आणि लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेश, मराठी-भारत. दिसायला सुरेख, १,२५० असं छान देवनागरीत येतं. आणि मी तीच स्ट्रिंग पेमेंटच्या रकमेत पाठवली. नियम असा आहे की रक्कम म्हणजे फक्त इंग्रजी आकडे, हवं तर पुढे वजाचं चिन्ह आणि मध्ये एक दशांश टिंब, बाकी काही नाही. स्वल्पविराम चालत नाही, रुपयाचं चिन्ह चालत नाही, देवनागरी आकडे तर नाहीच नाही. टाइपएरर, तोही कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे बटण दाखवण्याच्या आधीच सगळं ठप्प. गंमत म्हणजे माझ्या जुन्या तपासणीत लोकेल इंग्रजी-भारत होतं आणि टेस्टची रक्कम ५० रुपये, त्यात ना स्वल्पविराम ना देवनागरी, त्यामुळे टेस्ट हिरवी. पहिली खरी ऑर्डर आली आणि गेलं. दाखवायची रक्कम आणि पाठवायची रक्कम ही दोन वेगळी व्हेरिएबल ठेवा, पाठवायची आधी पैशांत (रुपयाचे शंभर) पूर्णांक ठेवून शेवटी शंभराने भागून टूफिक्स्ड दोन, म्हणजे दशांशानंतर दोनच आकडे. एकूण आकडा वजा असला तरी टाइपएरर येते, कूपन बास्केटपेक्षा मोठं झालं की हे होतं, आमचं पाडव्याचं कूपन झालं होतं. आणि खालच्या ओळींची बेरीज एकूण आकड्याशी जुळते का हे एपीआय बघतच नाही, चुकीची बेरीज बिनबोभाट पुढे जाते, ती तुम्हीच बघायची.

परदेशातल्या ऑर्डरींचं वेगळं रामायण. कॅनडातल्या लोकांना "इथे डिलिव्हरी नाही" असा निरोप यायला लागला, सगळ्यांनाच नाही, फक्त ॲपल पेवाल्यांना. कुरियरचं दरपत्रक मी पूर्ण पोस्टल कोडवर बसवलं होतं. पण माणूस पैसे मंजूर करत नाही तोवर ॲपल पे साइटला पूर्ण पत्ता देत नाही: घर नंबर, रस्ता, नाव काहीच नाही, आणि इंग्लंड-कॅनडाचा पोस्टकोड तर अर्धाच, पुढचा भाग फक्त. ते बरोबरच आहे, नुसतं खिडकी उघडून बघणाऱ्याचा घरचा पत्ता दुकानदाराला कशाला. पण माझा कोड अर्धा कोड घेऊन दरपत्रकात शोधायचा आणि सापडत नाही म्हणून नकार. आता दर पुढच्या भागावरच ठरवतो आणि पूर्ण पत्ता मंजुरीनंतर तपासतो. भारतात मला हे कधी दिसलंच नसतं, आपला पिनकोड सहा आकडी आणि युपीआयमध्ये पत्त्याचा संबंधच नाही.

या पत्त्यावरून आणखी एक गाळात पाय गेला. २०२२ च्या शिफारशीतून पत्ता, संपर्क वगैरे भाग काढून टाकलेत. व्यापाऱ्याची ओळख पटवायची घटना, मर्चंटव्हॅलिडेशन, तीही काढली कारण ती एकट्या ॲपल पेलाच लागायची. पण ब्राउझरमधून हे गेलेलं नाही. सफारीत ॲपल पे करायचं तर मर्चंटव्हॅलिडेशन लागतंच. मी एका रविवारी साफसफाई करायला बसलो, एडिटरमध्ये "डेप्रिकेटेड" (आता वापरू नका) म्हणून नावावर काट मारलेली दिसली, म्हटलं चला काढून टाकू, जुनं आहे. सोमवारी भाच्याचा मेसेज, खिडकी उघडते, गोल फिरतं आणि बंद होते. नियमपुस्तकात नाही म्हणजे वापरात नाही असं नसतं, आणि उलटंही तेवढंच खरं. काट दिसली तरी आधी कुठला ब्राउझर ती ओळ अजून वापरतोय ते बघा.

तिथेच दुसरं कारणही असू शकतं, ओळख पटवायची फाइल. ॲपलला तुमच्या डोमेनवर "वेल-नोन" नावाच्या फोल्डरमध्ये एक फाइल लागते, प्रत्येक डोमेन आणि सबडोमेनची नोंदणी वेगळी, आणि त्या फाइलच्या वाटेत रीडायरेक्ट चालत नाही. आम्ही होस्टिंग बदललं तेव्हा या फोल्डरचं नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे कॉपी करताना तो मागेच राहिला, लपलेला फोल्डर ना. वर नवीन होस्टिंगने डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेला पत्ता असलेल्याकडे वळवायला सुरुवात केली. दोन्ही एकदम, त्यामुळे एक दुरुस्त करूनही चालेना. होस्टिंग बदललंत तर ब्राउझरमध्ये ती फाइल थेट उघडून बघा, दोन्ही पत्त्यांवर.

अँड्रॉइडच्या बाजूला याच जातीचं दुखणं कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीचं, म्हणजे पान कुठल्या पत्त्यांशी बोलू शकतं त्या यादीचं. क्रोम पेमेंट पद्धतीचा पत्ता उघडून तिथून माहिती आणतो, पूर्वी हे करताना तुमच्या पॉलिसीतला कनेक्ट-सोर्स तो बघत नव्हता, मग आधी डेप्रिकेशनची वॉर्निंग द्यायला लागला की तो पत्ता पॉलिसीत घाला. मी वॉर्निंगा वाचत नाही हे वर सांगितलंच आहे. कनेक्ट-सोर्स कडक असेल तर त्या तेजच्या पत्त्याला तिथे जागा द्या.

चेकआउट आयफ्रेममध्ये (पानाच्या आत बसवलेल्या दुसऱ्या पानात) असेल तर फ्रेमवर अलाऊमध्ये पेमेंट लिहायचं. जुन्या कोडमध्ये अलाऊपेमेंटरिक्वेस्ट असं एकच लांबलचक ॲट्रिब्यूट दिसेल, ते एचटीएमएलच्या नियमांतून गेलंय. सफारीत दुसऱ्या डोमेनच्या फ्रेममध्ये ॲपल पे चालायला १७ व्या आवृत्तीपर्यंत वाट बघावी लागली, म्हणून जुने आयफोन असलेल्यांना मी फ्रेम देतच नाही, नवीन पानावर पाठवतो.

आता ज्याने सगळ्यात जास्त ऑर्डरी बुडाल्या ते. काकू जाहिरात करतात सोशल मीडियावर, लोक तिथूनच लिंक दाबतात, आणि लिंक उघडते त्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये. तो दिसतो क्रोमसारखा, आतून असतो वेबव्ह्यू, म्हणजे ॲपमध्ये बसवलेला अर्धामुर्धा ब्राउझर. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये पेमेंट रिक्वेस्ट कित्येक वर्षं नव्हताच, आता नवीन वेबव्ह्यूमध्ये आलाय पण आपोआप चालू नसतो, ॲप बनवणाऱ्याने स्वतः चालू करावा लागतो आणि मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) पेमेंट ॲप्स दिसण्याची सोय करावी लागते. म्हणजे ते तुमच्या हातात नाहीच. मी हुशारी करून तिथे युपीआयची सरळ डीप लिंक (थेट पेमेंट ॲप उघडणारी) दिली, तर वेबव्ह्यूला ती लिंक कशाने उघडायची तेच माहीत नाही, समोर "अननोन यूआरएल स्कीम" लिहिलेलं पांढरं पान. आयफोनवर वेगळी तऱ्हा, आयओएस १६ पासून क्रोम, एज, फायरफॉक्समध्येही ॲपल पे चालतं, त्याआधीच्या फोनवर फक्त सफारीत. म्हणून ब्राउझरचं नाव बघून काही ठरवू नका, आयफोनवरच्या क्रोमचं आणि अँड्रॉइडवरच्या क्रोमचं गोत्रच वेगळं आहे, आत इंजिन सफारीचंच, वेबकिट.

तर मी आता पोटातल्या ब्राउझरला तीन गोष्टी देतो: "ब्राउझरमध्ये उघडा" अशी मोठी ओळ, क्यूआर, आणि काकूंचा युपीआय आयडी साध्या अक्षरांत, शेजारी कॉपीचं बटण. त्या साध्या अक्षरांतल्या आयडीने जेवढ्या ऑर्डरी वाचवल्या तेवढ्या माझ्या सगळ्या कोडने मिळून वाचवल्या नसतील.

एररबद्दल एक गोष्ट मात्र अंगावर काटा आणणारी आहे म्हणून सविस्तर सांगतो. माणसाने खिडकी बंद केली तर अबॉर्टएरर येते. छान. पण युपीआयमध्ये असं होतं की गिऱ्हाईक ॲपमध्ये जातं, पिन टाकतं, पैसे कापले जातात, आणि परत येताना फोनने मागचं टॅब मारलेलं असतं किंवा माणसानेच बॅक दाबलेलं असतं, आणि तुमच्या पानाच्या दृष्टीने ते पेमेंट रद्द. मी तिथे ठसठशीत लाल अक्षरात "पेमेंट झालं नाही, पुन्हा प्रयत्न करा" लिहिलं होतं. एका आजोबांनी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा पैसे गेले. काकूंनी त्याच संध्याकाळी दोन खेपांचे परत केले आणि वर चिवड्याचं पाकीट पाठवलं, पण मला रात्रभर झोप नाही. ब्राउझर काय म्हणतो त्यावरून पैसे आले की नाही हे कधीही ठरवायचं नाही, यशस्वी म्हणाला तरी नाही आणि रद्द म्हणाला तरी नाही. बँकेकडून किंवा गेटवेकडून सर्व्हरला जे कळतं ते खरं, संदर्भ क्रमांक त्यासाठीच असतो. आता रद्द झालं की पान म्हणतं "तपासतोय, थांबा", सर्व्हरला विचारत राहतं, आणि तोपर्यंत बटण बंद.

ॲपल पेत उलटी घाई असते, तुमच्या सर्व्हरने ३० सेकंदांत उत्तर दिलं नाही तर खिडकी स्वतःच वेळ संपला म्हणून मिटते. शेवटी कम्प्लीट ("झालं" हे सांगणारी मेथड) म्हणायला विसरलात तर तोवर खिडकी तशीच फिरत बसते आणि माणसाला वाटतं पैसे अडकले.

शोधायचं कसं, तर मी प्रत्येक अपयशाला चारच गोष्टी नोंदवतो: एररचं नाव, यूजर एजंट (ब्राउझरची ओळख सांगणारी ओळ), कॅनमेकपेमेंटने काय उत्तर दिलं होतं, आणि बटण दाबल्यापासून शोपर्यंत किती मिलिसेकंद गेले. एररचा मजकूर नोंदवा पण त्यावर कोड लिहू नका, तो ब्राउझरगणिक वेगळा असतो आणि आवृत्तीगणिक बदलतो, नाव त्यातल्या त्यात स्थिर. मिलिसेकंद पाच हजारांच्या वर आणि सिक्युरिटीएरर, की समजा इशारा शिळा झाला. नॉटअलाउड आलं की कोटा. नॉटसपोर्टेड आलं की पद्धतीचा पत्ता, पॉलिसी, नाहीतर ॲपच नाही. टाइपएरर म्हणजे रक्कम, डोळे झाकून.

मला सुरुवातीला राग यायचा की एवढे मोठे लोक, एकसारखं का नाही करत. ब्राउझरवाल्यांची सामाईक चाचणी आहे, वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स, बाकीच्या एपीआयला त्यातून बरीच शिस्त लागते. पण इथे खिडकी ब्राउझरची स्वतःची, ती माणसाने बोटाने दाबायची, पानातली स्क्रिप्ट तिच्यावर दाबू शकत नाही (शकली तर केवढा घोळ), त्यामुळे पेमेंट रिक्वेस्टच्या कितीतरी चाचण्या हाताने करायच्या म्हणून राहिल्या. जे रोज आपोआप तपासलं जात नाही ते हळूहळू एकमेकांपासून सरकतं, आणि माझी साइटही त्याला अपवाद नाहीच, मीसुद्धा वर्षातून एकदाच तपासतो.

त्यातही ॲपल पे मला इथून तपासता येत नाही, भारतात ते नाहीये आणि इथलं कार्ड त्यात जात नाही. टेस्ट अकाउंट आणि फोनचा प्रदेश बदलून सँडबॉक्स (खोट्या पैशांची चाचणी) चालतो, पण खऱ्या कार्डाची मजा वेगळीच. म्हणून कोजागरीच्या सुमारास भाच्याला व्हिडिओ कॉल, त्याची दुपार, माझी रात्र. तो त्याच्या फोनवर एक पौंडाची "टेस्ट चकली" विकत घेतो, मी इथे लॉग बघतो, मग काकूंच्या अँड्रॉइडवर एक रुपयाची, मग त्याच लिंका सोशल मीडिया ॲपच्या पोटातून उघडून परत. मागच्या वर्षी सगळं पहिल्या झटक्यात चाललं. काकूंनी मग ती टेस्ट चकली यादीतून काढायची राहिली आणि वसुबारसेपर्यंत एक रुपयाला सतरा ऑर्डरी आल्या होत्या, सगळ्यांचं पेमेंट व्यवस्थित झालेलं.